मत्स्यकन्येची फॅन्टसी: शेपूट गेलं की जादू का जाते?

निळीशाई
विषय प्रौढांचा आहे, पण मनापासून विचारतोय. मध्यंतरी एक इरॉटिक फिल्म बघितली. खडकावर बसलेली जलपरी, पाण्यात कमरेइतका उभा राहिलेला पुरुष, आणि पहिली दहा मिनिटं ती नुसती त्याच्याकडे बघते, ओल्या बोटांनी त्याचा चेहरा चाचपते, तो जवळ आला की सरकते, मग पुन्हा वर येते. इतकं बांधून ठेवणारं मी अडल्ट फिल्ममध्ये फार कमी बघितलंय. मग ती किनाऱ्यावर येते, शेपटाचे पाय होतात, आणि पुढचं सगळं नेहमीचंच, माझा रसच गेला. असं इतर कोणाला होतं का? आणि शेपूट ठेवूनच शेवटपर्यंत का नेत नाहीत?

खोलपाणी
होतं, अगदी असंच होतं. पण शूटिंगची बाजू पण बघा. सिलिकॉनचं चांगलं शेपूट १५-२० किलोचं असतं, दोन्ही पाय एकत्र बांधलेले, आत मोनोफिन, म्हणजे दोन्ही पावलांना मिळून एकच रुंद पंख. पाण्यात वजन जाणवत नाही पण बाहेर आलं की स्वतःहून उठता येत नाही, उचलून न्यावं लागतं. पाण्याखाली मास्क नाही म्हणजे समोरचं सगळं धूसर, डोळे चुरचुरतात, त्यात चेहऱ्यावर आर्जव दाखवायचं आणि श्वास धरायचा, शिवाय फ्रेमच्या बाहेर हवा घेऊन डायव्हर पाहिजेच. आणि पाण्यात प्रत्यक्ष संबंध वाटतो तितका सोपा नसतो, पाणी अंगाचा नैसर्गिक ओलावा धुऊन नेतं. म्हणून बहुतेक जण काठावर येतात आणि शेपटाचे पाय करून टाकतात. सोय म्हणून करतात हो, पण पटकथा तिथेच मरते हे खरं.

जुनीपोथी
मला वाटतं ओढ त्या अडथळ्यातच आहे. वर बाई, खाली मासा, म्हणजे हवंहवंसं वाटणारं शरीर समोर आहे आणि तरी हाती लागत नाही. गंमत म्हणजे ग्रीकांच्या सायरन, म्हणजे गाण्याने खलाशांना भुलवणाऱ्या बायका, मुळात अर्ध्या पक्षी होत्या, त्यांची ताकद आवाजात होती. माशाचं शेपूट मध्ययुगात चिकटलं आणि मग आरसा-कंगवा घेतलेली मत्स्यकन्या चर्चच्या कोरीवकामात वासनेचं चिन्ह म्हणून बसली. डॅनिश लेखक अँडरसनच्या १८३७ च्या छोट्या जलपरीच्या गोष्टीत पाय मिळवायला ती आवाज देते आणि पुढे प्रत्येक पावलाला सुऱ्यांवर चालल्यासारखं दुखतं. पाय फुकट मिळत नाहीत, हे त्याला कळलं होतं. तुमच्या फिल्ममध्ये तिने काहीच गमावलं नाही म्हणून ते पोकळ वाटलं असणार.

लाटेवरची
बाई म्हणून थोडं वेगळं सांगते. तुम्ही सगळे त्याच्या नजरेने बघताय, मला ही फॅन्टसी आवडते ती तिच्या जागी असण्यासाठी. पाणी तिचं आहे, किती जवळ येऊ द्यायचं ते ती ठरवते, नको वाटलं तर एक फटकारा आणि गायब. पुरुष तिथे श्वासासाठी धडपडतो, ती नाही. किनाऱ्यावर आली की हे सगळं उलटतं, म्हणून मला तो क्षण नुसता कंटाळवाणा नाही तर खुपतो. ॲनेट केलरमन ही पोहणारी बाई, स्वतः मत्स्यकन्येचे पोशाख बनवायची, १९१६ च्या मूकपटात ती विवस्त्र दिसली, अंगावर फक्त लांब केस. त्याची चर्चा अजून होते, आणि माझ्या मते त्याचं कारण नुसतं कपडे नसणं हे नाही, पाण्यात कसलेलं, स्वतःचं असलेलं शरीर हे आहे.

निळीशाई
लाटेवरची, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आता आठवतंय, पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येक वेळी तीच पुढे येते, तो एकदाही हात लावत नाही. पाय आल्यावर पहिला हात त्याचा आहे.