घाटात पिकअप जातो आणि एअरबॅगचा दिवा अधूनमधून पेटतो: सात आसनी गाडीची तक्रार कुठे करावी?

जुळे सोलापूरकर:
एकत्र कुटुंब असल्यामुळे गेल्या वर्षी दसऱ्याला आम्ही सात आसनी डिझेल गाडी घेतली. रस्त्यावर येईपर्यंत सतरा लाख रुपये लागले आणि आतापर्यंत ती जेमतेम ११,००० किलोमीटर चालली आहे. मागच्या महिन्यात घरच्या आठही जणांना घेऊन तुळजापूरला निघालो असता घाटाच्या चढावर अचानक पिकअप गेला. समोर पिवळा दिवा पेटला, आणि ॲक्सिलरेटर तळाला टेकवूनही गाडी ताशी पंचवीसच्या पुढे जाईना. मागून आलेला उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसह आम्हाला ओलांडून गेला. कडेला थांबून इंजिन बंद करून पुन्हा चालू केले, तेव्हा गाडी पूर्ववत झाली. हा प्रकार आतापर्यंत तीनदा घडला आहे. प्रत्येक वेळी सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावून फॉल्ट कोड पुसला, ‘उन्हामुळे होते’ असे सांगितले आणि जॉब कार्डवर ‘सर्वसाधारण तपासणी’ एवढेच लिहिले. त्यात भर म्हणजे एअरबॅगचा लाल दिवा अधूनमधून पेटतो, आणि त्यावर ‘गाडी चालते ना, मग काळजी करू नका’ हे उत्तर मिळाले. हा कारखान्यातला दोष समजावा का, आणि दाद कुणाकडे मागावी?

एमआयडीसीतला मिस्त्री:
मी अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत डिझेल गाड्यांचे काम करतो. गाडी रोज किती आणि कशी चालते, हे आपण लिहिलेले नाही. परंतु वर्षाला ११,००० म्हणजे बहुतेक वापर शहरातलाच असावा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यानंतरच्या डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो, ज्याला आम्ही डीपीएफ म्हणतो. साठलेली काजळी जाळण्यासाठी गाडी स्वतःच जादा डिझेल सोडून त्या फिल्टरचे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत नेते, पण हे जळणे पूर्ण व्हायला गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग काही वेळ चालावी लागते. जुळे सोलापूर ते नवी पेठ एवढ्या फेऱ्यांत, ‘सात रस्ता’ चौकाच्या सिग्नललाच निम्मा वेळ जात असेल, तर जळणे दर वेळी अर्ध्यावर तुटते, फिल्टर तुंबतो आणि इंजिन वाचवण्यासाठी संगणक ताकद कमी करतो. ऊन हे त्याचे कारण नव्हे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो हे खरे, पण गाडी त्या हवेत चालण्यासाठीच बनवलेली असते.

आज एक काम करावे. सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी ऑइलची पट्टी ओढून पाहावी. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल आणि पट्टीला डिझेलचा वास येत असेल, तर न जळलेले डिझेल पिस्टनच्या कडेने ऑइलमध्ये उतरत आहे. पातळ झालेल्या ऑइलवर गाडी पळवली तर बेअरिंग आणि टर्बो दोन्ही जातात. मात्र फिल्टर तुंबण्यामागे सेन्सर, ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा) व्हाॅल्व्ह किंवा इंजेक्टरचा बिघाडही असू शकतो. म्हणून कोड पुसण्याआधी त्याचा क्रमांक लिहून मागावा.

एअरबॅगच्या दिव्याबाबत मात्र थट्टा नको. तो दिवा पेटलेला असताना धडक झाली, तर एअरबॅग उघडेलच याची खात्री नसते. पुष्कळदा पुढच्या सीटखालचा पिवळा प्लग सैल झालेला असतो, पण त्याला घरी हात लावू नये.

बार्शीचा वकील:
जॉब कार्डवरचे ‘सर्वसाधारण तपासणी’ हे शब्दच उद्या आपल्या विरोधात वापरले जातील. यापुढे तक्रार आपल्या शब्दांत लिहून घेतल्याशिवाय किल्ली देऊ नये, आणि आधीच्या तीन भेटींचा तपशील ई-मेलने विक्रेता व उत्पादक दोघांनाही कळवावा. उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. त्यापुढचा मार्ग सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा: २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहता तिथेच तक्रार दाखल करता येते, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि दहा ते वीस लाखांच्या व्यवहाराला शुल्क केवळ ४०० रुपये आहे. कारखान्यातला दोष सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो. तशी तपासणी करून घेण्याची तरतूद कलम ३८ मध्ये आहे.

याशिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ११० अ खाली सुरक्षेला बाधक दोषासाठी सरकार उत्पादकाला गाड्या परत मागवायला लावू शकते. १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू आहेत, आणि सात वर्षांच्या आतील गाडीचा मालक सरकारच्या ‘वाहन’ या पोर्टलवर तक्रार नोंदवू शकतो. एकट्याच्या नोंदीने काही हलत नाही, पण तशाच नोंदी वाढत गेल्या की चौकशी सुरू होते. एक गोष्ट विचारायची राहिली: गाडी एखाद्या दुकानाच्या किंवा धंद्याच्या नावावर आहे का? तसे असेल तर ‘व्यावसायिक वापर’ हा आक्षेप नक्की येईल.

होटगी रोड:
सर्व मान्य. पण सात आसनी गाडीत आठ माणसे बसवून सुरक्षेची तक्रार करणे जरा खटकते. आठव्याला पट्टा कुठला? मागच्या प्रवाशांनीही पट्टा लावणे बंधनकारक आहे, आणि न लावल्यास १,००० रुपये दंड आहे.

जुळे सोलापूरकर:
होटगी रोड यांचा टोला रास्त आहे. धाकट्या पुतण्याला मांडीवर घेतले होते, ते चुकलेच. पट्टी काढून पाहिली, तर ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर आहे आणि वास स्पष्ट डिझेलचा आहे. वडील रोज दुकानापर्यंतच गाडी नेतात, त्यामुळे मिस्त्रींचे निदान पटते. पण गाडी विकताना शहरातल्या वापराबद्दल आम्हाला एका शब्दानेही सांगितले नव्हते, आणि माझी खरी तक्रार तीच आहे. गाडी वडिलांच्या वैयक्तिक नावावर आहे. काल सर्व्हिस सेंटरला जाऊन दोन्ही तक्रारी जॉब कार्डवर लिहून घेतल्या. काउंटरवरचा मुलगा दोनदा आत जाऊन विचारून आला, तेव्हा कुठे त्याने पेन उचलले. एअरबॅगचे कारण सीटखालचा प्लगच निघाला, कारण आईची पूजेची पिशवी नेहमी तिथे सरकवलेली असते. इंजिनाचा लेखी अहवाल सोमवारी मिळायचा आहे. तोवर ओटी भरायला आईने एसटीने जायचे ठरवले आहे.