सी-आन्का पॉझिटिव्ह आलंय, तरी किडनीची बायोप्सी कशाला?

बावरलेला_भाऊ: बहिणीचं सी-आन्का (व्हॅस्क्युलायटिस, म्हणजे रक्तवाहिन्यांची सूज, ओळखायची अँटिबॉडी तपासणी) पॉझिटिव्ह आलं. डॉक्टर म्हणतात किडनीची बायोप्सी करू. रक्तात कळलंय तर सुई कशाला टोचायची? उद्या सकाळी होकार-नकार कळवायचाय, पटकन सांगा.

लिंबूटिंबू: पटकन सांगू, पण त्रास काय आहे? वय? रक्तातलं क्रिएटिनिन? किडनी बिघडली की ते चढतं.

बावरलेला_भाऊ: वय 41. नाक कायम चोंदलेलं, खपल्या, रक्त. सायनस समजून अँटिबायोटिक्सचे कोर्स झाले. आता खोकल्यातून रक्त. सीटीत दोन्ही फुप्फुसांत गाठी, एकीत पोकळी. क्रिएटिनिन 1.1 होतं, पंधरवड्यात 1.9.

मोकळा_श्वास: मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगा. माझं सायनस त्यानेच गेलं.

लिंबूटिंबू: अहो, क्रिएटिनिन चढतंय आणि तुम्ही नाक धुताय!

जुना_खोकला: पोकळी म्हणजे टीबीच. आमच्याकडे अगदी असंच होतं.

रातपाळी: 'टीबीच' नको, पण थुंकी तपासायलाच हवी. टीबीत आणि हृदयाच्या झडपेच्या संसर्गातही आन्का पॉझिटिव्ह येऊ शकतं. म्हणून नुसत्या सी-आन्कावर निदान ठरत नाही. पीआर3 (सी-आन्का बहुधा ज्या प्रथिनावर उठते, त्याविरुद्धची अँटिबॉडी) किती आहे ते बघा. लघवीत वेड्यावाकड्या तांबड्या पेशी आणि कास्ट (किडनीच्या नळ्यांत बनलेले साचे) दिसले तर किडनीच्या गाळण्या सुजल्यात. बायोप्सीच्या तुकड्यात क्रेसेंट (गाळणीत चंद्रकोरीसारखे साचलेले पेशींचे पुंजके) दिसले आणि अँटिबॉडींचा थर जवळपास नसला, तर व्हॅस्क्युलायटिसला पक्का दुजोरा. किती गाळण्या वाचण्याजोग्या आहेत तेही कळतं. अँटी-जीबीएमही (गाळण्यांच्या पडद्याविरुद्धच्या अँटिबॉडीची तपासणी) करून घ्या, तो आजारही फुप्फुस आणि किडनी दोन्ही धरतो.

ठणठणीत: मला या आजारावर बायोप्सीशिवायच रिटुक्सिमॅब (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) दिलं. उगाच घाबरवू नका.

रातपाळी: तुमच्या किडनीला काही होतं?

ठणठणीत: नाही, नाक-कानच.

रातपाळी: मग तुलना कशी करता? तरी बायोप्सीची तारीख लांबली तर उपचार अडवून धरू नयेत, हेही खरं. अशी किडनी काही दिवसांत बसते. स्टेरॉइड आधी सुरू झालं तरी तुकड्यात खुणा सापडतात.

ठणठणीत: बरं. रिटुक्सिमॅबआधी हिपॅटायटिस बी मात्र तपासा.

लिंबूटिंबू: ते अजून दिलंय कुठे?

बावरलेला_भाऊ: पीआर3 रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर आहे, मर्यादेच्या कितीतरी वर. थुंकीत टीबी नाही. होकार कळवतो. ती रोज अ‍ॅस्पिरिन घेते, त्याने काही फरक पडतो का?

रातपाळी: पडतो! सुईनंतर रक्तस्राव होऊ शकतो. सकाळची वाट बघू नका, आत्ताच डॉक्टरांना फोन करा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आणि खोकल्यातलं रक्त वाढलं किंवा धाप लागली तर थेट इमर्जन्सीत.