सहायक सरकारी वकिलांची निवड महाधिवक्त्यांकडे द्यावी का?

धागाकर्ता: माझ्या मते द्यावी. घटनेचं कलम १६५ महाधिवक्त्याला राज्याचा कायदेशीर सल्लागार करतं, कलम १७७ त्याला विधिमंडळात बोलू देतं (मतदानाचा हक्क नाही). खाजगी व्यक्तीला न्यायालयाच्या फौजदारी अवमानाची याचिका करायची तर १९७१ च्या कायद्याने महाधिवक्त्याची लेखी संमती लागते. एवढं मोठं पद, पण रोज राज्याची बाजू मांडणारे सहायक सरकारी वकील नेमतो विधी व न्याय विभाग. मग कच्च्या बाजूचा जाब महाधिवक्त्याला कसा विचारणार?

प्रतिसाद १: पूर्ण असहमत. महाधिवक्ता राज्यपालांची मर्जी असेपर्यंतच पदावर असतो, म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाची मर्जी. सरकार बदललं की तो सहसा राजीनामा देतो. त्याने निवडलेलं पॅनेलही त्याच्याबरोबर गेलं तर अर्धवट सुनावण्यांचं काय? २०१६ च्या ब्रिजेश्वर सिंग चहल निकालात सर्वोच्च न्यायालयाने पंजाब-हरियाणाला सरकारी वकील नेमण्याचा क्रम घालून दिला: आधी किती वकील लागतात ते मोजा, मग निवड समिती, मग न्यायाधीशांशी विचारविनिमय. एका माणसाच्या हाती सगळं द्या, असं त्यात कुठेही नाही.

प्रतिसाद २: वकील कोणीही नेमा, त्याच्या हातात कागदच नसतात! याचिकेची प्रत मंत्रालयात जाते, तिथून जिल्हाधिकारी, तिथून तहसीलदार. याचिकेतल्या प्रत्येक परिच्छेदावर खात्याचं उत्तर, म्हणजे परिच्छेदनिहाय अभिप्राय, त्याच वाटेने परत यायचे. तारखेला वकील उभा राहून "सूचना घ्यायला मुदत द्यावी" एवढंच म्हणतो. अपिलाचं तर विचारूच नका. उच्च न्यायालयात अपिलाला ९० दिवस, एकल न्यायाधीशाच्या आदेशावर लेटर्स पेटंट अपील (त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठापुढचं) असेल तर फक्त ३०. निकालाची नक्कल विभागात पोचेपर्यंत मुदत संपत येते. "फाइल फिरत होती" ही उशिराची सबब सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच, पोस्टमास्टर जनरलच्या प्रकरणात, फेटाळली आहे.

धागाकर्ता: समितीचा मुद्दा मान्य, पण महाधिवक्ता तिचा सदस्य हवाच. कागदांबाबत म्हणाल, तर विरोधात निकाल लागला त्याच दिवशी वकिलाने एक पानी टिपण द्यावं: अपील करावं की नाही, मुदत कधी संपते. प्रत महाधिवक्त्याच्या कार्यालयात.

प्रतिसाद १: आणि ती टिपणं वाचणार कोण? महाधिवक्त्याला स्वतःचे चार-पाच कायमस्वरूपी संशोधन सहायक आधी द्या. ते सरकार बदललं तरी जागेवर राहतील.