मित्रांकडे वीकेंडला जायचंय, पण मुक्काम वेगळा हवाय. कसं सांगू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही श्टुटगार्टजवळ राहतो, सहा वर्षं झाली. नवऱ्याचे हॉस्टेलपासूनचे दोन मित्रही जर्मनीतच आहेत, एक म्युनिकला, दुसरा एर्लांगनला. तिघांची लग्नं झाली, पोरं झाली, तरी भेटायचं म्हणजे कुणाच्या तरी घरी गाद्या टाकून झोपायचं, हा हॉस्टेलचा कायदा अजून लागू आहे. फरक इतकाच की आता सहा मोठी, चार मुलं आणि बाथरूम एक.

२०२३ मध्ये ४९ युरोचं डॉइचलँड तिकीट (देशभरच्या लोकल गाड्या-बसना चालणारा महिन्याचा पास) आलं तेव्हापासून हे फारच वाढलं. आता ते ६३ ला गेलंय, पण सवय लागली ती लागली. जलद गाड्यांना ते चालत नाही, त्यामुळे म्युनिकला जायचं तर उल्मला गाडी बदलत साडेतीन तास. पोचेपर्यंत मुलं किरकिरायला लागतात आणि दारात पाऊल ठेवताच वहिनी मिसळ वाढायला घेतात.

खरी अडचण तिथेच आहे. बायर्नमध्ये (म्युनिक, एर्लांगन याच राज्यात) शनिवारी रात्री आठला दुकानं बंद, रविवारी दिवसभर बंद. म्हणजे दहा माणसांचं दोन दिवसांचं सगळं आधीच आणून ठेवायचं. गेल्या वेळी म्युनिकवाल्या वहिनी शुक्रवारी ऑफिसमधून येऊन रात्री बारापर्यंत वाटण करत होत्या. शनिवारी मी मदतीला उभी राहिले, पण परक्या स्वयंपाकघरात मदत म्हणजे ‘कढई कुठे आहे’ विचारत फिरणं. पुरुषमंडळी बाल्कनीत. म्युनिकचा मुख्य चौक, मारिएनप्लाट्झ, वीस मिनिटं पाहिला. रात्री दहानंतर मुलांचा दंगा चालू राहिला म्हणून खालच्या आजींनी वर येऊन बेल वाजवली ती वेगळीच.

रविवारी सकाळी वहिनी फोनवर आईशी बोलत होत्या, ते कानावर पडलं. ‘आली की बरं वाटतं गं, पण गेली की दोन दिवस पाठ धरते.’ मला राग नाही आला. आमच्याकडे सगळे येऊन गेले की मीही आईला अगदी हेच सांगते!

आता मे महिन्यात हिमेलफार्टचा (येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाचा) सुट्टीचा गुरुवार आहे, शुक्रवार जोडून चार दिवस मिळतात, आणि पाळी एर्लांगनवाल्यांची. मला सुचवायचंय की या वेळी कुणाच्याच घरी नको, मधे कुठेतरी भेटू. नवरा म्हणतो, ‘त्यांना वाटेल आपल्याला त्यांचं घर लहान वाटतं.’ कुणी असं केलंय का? कसं सांगितलंत? आणि मधे म्हणजे नक्की कुठे?

— अळूचं फदफदं

खडीसाखर: +१. आमच्याकडे हाच प्रकार बेल्जियममध्ये चालू आहे. वाचतेय.

आजोबा_डसेलडॉर्फ: ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आम्ही १९८९ ला आलो तेव्हा मराठी माणूस भेटावा म्हणून तीनशे किलोमीटर गाडी हाणायचो आणि जमिनीवर झोपायचो. पाहुण्याने ‘मी हॉटेलात उतरतो’ म्हटलं की नातं पातळ होतं. स्वयंपाक कमी करा, मुक्काम नको तोडू. एका वेळी खिचडी-कढी केली तर कुणी उपाशी मरत नाही.

पाटा-वरवंटा: आजोबा, खिचडी करू म्हणणं सोपं आहे, ती ‘नुसती खिचडी’ पाहुण्यांपुढे ठेवणं कठीण. विचारा आजींना.

जागेबद्दल: नकाशा उघडा. श्टुटगार्ट, म्युनिक, एर्लांगन या तिघांच्या मधोमध नॉर्डलिंगन आहे. तुम्ही आलेनवरून याल, म्युनिकवाले डोनाउव्होर्टवरून, सगळं त्याच तिकिटात. गाव भिंतीच्या आत वसलंय आणि त्या भिंतीवरून छपराखालून पूर्ण चक्कर मारता येते, तीनेक किलोमीटरही नाही, मुलं धावत करतात. चर्चचा ‘डॅनियल’ मनोरा सुमारे ९० मीटर, ३५० पायऱ्या. आणि गंमत म्हणजे गाव उल्कापाताच्या विवरात आहे. आपलं लोणार पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद, हे चोवीस-पंचवीस! १९७० साली अपोलो १४ च्या अंतराळवीरांना दगड ओळखायला शिकवायला तिथे नेलं होतं. तीन कुटुंबांना एक मोठं सुट्टीचं घर घ्या. मात्र ते आत्ताच बघा, हिमेलफार्टला सगळी जर्मनी बाहेर पडते. त्या दिवशी पुरुषमंडळी हातगाड्यांवर बिअर लादून फिरतात, तेव्हा गुरुवारी दुपारच्या गाड्या टाळा.

निवडुंग: एक राहिलं. मोठं मूल शाळेत आहे का? शुक्रवारी शाळेला सुट्टी आहे की नाही ते आधी बघा. इथे ‘पोट दुखतंय’ चिठ्ठी चालत नाही, सुट्टीच्या तोंडावर विमानतळावर पोलीस शाळकरी मुलांची चौकशी करतात.

सांगायचं म्हणाल तर निरोप तुम्ही एर्लांगनवाल्या वहिनींना पाठवा, नवऱ्यांच्या ग्रुपवर नाही. फोनवर ऐकलेलं काढू नका. स्वतःच्या पाठीचं सांगा.

अळूचं फदफदं: सगळ्यांचे आभार. मुलगा दुसरीत आहे, शुक्रवारी त्याच्या शाळेला सुट्टी आहे, आजच बघितलं.

आजोबा, तुमचं पटलं नाही असं नाही. पण तेव्हा तुम्ही वर्षातून किती वेळा जायचात? आम्ही दर महिन्याला कुणाच्या ना कुणाच्या दारात असतो.

काल एर्लांगनवाल्या वहिनींना लिहिलं, ‘माझी पाठ आता दहा जणांच्या पोळ्यांना नाही म्हणते, तुमचीही म्हणत असेल.’ दोन तास निळ्या खुणा झाल्या, उत्तर नाही. माझा जीव टांगणीला. मग एकदम फोनच आला. त्यांनी म्हणे तीन आठवड्यांपूर्वी एक घर बघून ठेवलंय, सांगायचा धीर होत नव्हता. नॉर्डलिंगनपासून गाडीने वीस मिनिटांवर.

आता नवा प्रश्न. म्युनिकवाल्यांचे आईवडील साताऱ्याहून आलेत, तेही येणार. घराचं भाडं कुटुंबागणिक वाटायचं की माणशी? माणशी धरलं तर म्युनिकवाल्यांना जास्त पडतं आणि काकांना ते समजलं तर ते स्वतःच पाकीट काढतील. तुम्ही काय करता?

पाटा-वरवंटा: खोलीप्रमाणे. आणि काकांना भाजी आणायचं काम द्या.