गिटारचा प्रोसेसर असताना ट्यूब अँप ठेवावा का? (घर आणि ऑर्केस्ट्रा, सोलापूर)

सहातारी_जुळे:
मंडळी, अँप विकायचा की ठेवायचा, एवढं ठरवायचंय. १५ वॉटचा ट्यूब अँप आहे. दोन ईएल८४ (पॉवर ट्यूब), तीन १२एएक्स७ (प्रीअँप ट्यूब), १२ इंची ८ ओहमचा स्पीकर, मागे सेंड-रिटर्न (प्रीअँप आणि पॉवर अँपच्या मधे इफेक्ट जोडायची लूप). सोबत पायाखालचा प्रोसेसर, म्हणजे अँप-इफेक्टची डिजिटल नक्कल करणारा. वाजवणं तीन ठिकाणी: जुळे सोलापुरातला फ्लॅट, लग्ना-गणपतीचा ऑर्केस्ट्रा आणि अधूनमधून हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृह. अँप १८ किलोचा, जिना तीन मजल्यांचा. त्यात हल्ली व्हॉल्यूम शून्यावर असला तरी अँप घुंऽऽ करतो.
प्रोसेसरचं दुखणं वेगळं. हेडफोनवर झकास वाटलेला पॅच (साठवलेली सेटिंग) स्टेजवर एकतर बदबदतो, नाहीतर कीबोर्डखाली गडप होतो. म्हणून अँप विकायला हात धजत नाही. दोन्ही ठेवण्यात खरंच अर्थ आहे का?

फेडर_वर_बोट:
स्टेजपुरतं विचाराल तर अँप नको. १५ वॉटचा ट्यूब अँप मनासारखा वाजेपर्यंत उघडला की गाणाऱ्याच्या माइकमध्ये शिरतो आणि अँपसमोरच्या माइकमध्ये ढोलक शिरते. मग साउंडवाला दोन्ही बंद करतो. प्रोसेसरची एक्सएलआर (माइकची तीन पिनांची) वायर थेट मिक्सरला गेली की हा घोळच राहत नाही.
पॅच बदबदतो, कारण तो हळू आवाजात बनवलाय. कमी आवाजात कानाला खर्ज आणि वरची झिलई दोन्ही कमी ऐकू येतात, म्हणून घरी आपण ती वाढवून ठेवतो. स्टेजवर तीच दोन्ही फुगतात. हे मॉडेलिंगचं, म्हणजे डिजिटल नकलेचं दुखणं नाही, ट्यूब अँपचे नॉब घरच्या आवाजात लावून नेले तरी हेच होईल. पॅच पुन्हा बांधा, पण स्पीकरवर, ८५ ते ९० डेसिबलला. मोबाइलचं मीटर अंदाजापुरतं चालेल.
लो कट (त्याखालचा खर्ज कापणं) ९० ते १०० हर्ट्झ, हाय कट (त्यावरचं कापणं) साडेसहा-सात किलोहर्ट्झ. गेन घरच्यापेक्षा एक तृतीयांश कमी. ७०० ते १२०० हर्ट्झच्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल वाढवा. कीबोर्डच्या स्ट्रिंग्जमधून गिटार वर काढायची तर तिथूनच निघते. रिव्हर्ब निम्मा करा, हॉल स्वतःचा घालतोच. सोलोला वेगळा पॅच नको, त्याच पॅचवर तीन डेसिबलचा बूस्ट एका स्विचवर ठेवा.
आता नेहमीच्या चुका. मिक्सरच्या माइक इनपुटला वायर देताना प्रोसेसरचं आउटपुट माइक लेव्हलवर हवं; जास्त जोराच्या लाइन लेव्हलवर राहिलं की पहिल्याच स्ट्रोकला लाल दिवा लागतो. त्या चॅनेलची फँटम पॉवर (मिक्सर माइकला देतो ती वीज) बंद. आणि पॅच मोनो करा. आपल्याकडची पीए (प्रेक्षकांसाठीची स्पीकर यंत्रणा) बहुतेक मोनोच असते, त्यात साउंडवाल्याने एकच वायर घेतली तर पिंगपाँग डिलेचे अर्धे ठोके हवेत जातात.
लेटन्सीची (आवाज उशिरा येण्याची) भीती काढून टाका. चांगल्या प्रोसेसरची दोन-तीन मिलिसेकंद. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे अँपपासून मीटरभर लांब उभं राहिल्यासारखं.

सोल्डर_मास्तर:
वरचं सगळं बरोबर. मात्र विकायचा असो की ठेवायचा, आधी ती घूं शोधा. घुमणारा अँप घेणारा निम्मा भाव सांगेल, आणि दुरुस्ती बहुधा चार-पाच कपॅसिटरचीच निघेल.
मीटरशिवाय पहिली पायरी: सहावी तार, तिसरा फ्रेट. तो जी सूर ९८ हर्ट्झचा. घूं त्याच्याशी जुळली तर ती १०० हर्ट्झची. आपली वीज ५० हर्ट्झची, फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतर तिची लहर १०० ची होते, म्हणजे फिल्टर कपॅसिटर वाळले. घूं त्या जीच्या एक सप्तक खाली असेल तर ५० हर्ट्झ: हीटरची वायर, अर्थिंग किंवा ग्राउंड लूप. तुमचा आवाज व्हॉल्यूम शून्यावरही राहतो, त्यामुळे माझा संशय फिल्टरवर. दोन ईएल८४ एकमेकांशी जुळत नसतील तरीही १०० चीच घूं येते, कारण पुश-पुलमध्ये (दोन ट्यूब उलट-सुलट काम करतात त्या जोडणीत) दोन्हींची लहर एकमेकींना खोडते तेव्हाच घूं गप्प बसते. दोघांच्या जागा बदलून फरक पडत नाही; दुसरी जुळलेली जोडी लावून बघावी लागते.
कपॅसिटर बदलायचे तर जुन्यावर लिहिलेलेच मायक्रोफॅरड घ्या, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, आणि १०५ अंशांचे घ्या, ८५ चे नको. तापमान दहा अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आपल्याकडे मे महिन्यात खोलीतच चाळिशी गाठलेली असते आणि काँबोमध्ये (अँप-स्पीकर एकाच पेटीत) ट्यूब खाली लटकतात, त्यांची धग सरळ वरच्या चॅसीत जाते. अँपची पाठ भिंतीपासून वीतभर लांब ठेवा.
प्लग काढल्यावरही आत ३०० च्या वर व्होल्ट साठलेले राहू शकतात. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांना जोडून प्रत्येक फिल्टर कपॅसिटर रिकामा करायचा, मीटरवर १० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय बोट लावायचं नाही, एक हात खिशात. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडायची हौस करू नका. हात बसला नसेल तर अँप कारागिराकडेच द्या.
आता सोलापूरचा मुद्दा, म्हणजे व्होल्टेज. संध्याकाळी लोडवर सॉकेट २१५ दाखवतो, रात्री कारखाने थंडावले की २४५ च्या पुढे जातो. प्रोसेसरच्या अडॅप्टरला याचं काही नाही, त्यावर बहुधा १०० ते २४० लिहिलेलं असतं आणि तो आतून जुळवून घेतो. ट्यूब अँपच्या ट्रान्सफॉर्मरला ती सोय नाही, जेवढं आत येतं त्याच प्रमाणात बाहेर. २३० ला ६.३ व्होल्टचा हीटर २४७ ला पावणेसात होतो.
ईएल८४ ची प्लेट (आतला धातूचा पत्रा) जास्तीत जास्त १२ वॉट उष्णता सोसते. तुमचा अँप कॅथोड बायसचा (ट्यूबचा करंट कॅथोडच्या रेझिस्टरने ठरणारा) असेल तर गणित सोपं. समजा १३० ओहमच्या कॅथोड रेझिस्टरवर १०.४ व्होल्ट आले. म्हणजे ८० मिलिअँप; त्यातले सुमारे ८ स्क्रीनचे, उरलेले ७२ दोघांत वाटले की ३६. प्लेट ते कॅथोड २९० व्होल्ट असेल तर प्रत्येकी १०.४ वॉट. ठीक आहे. पण वीज सात टक्के चढली की व्होल्ट चढतात, करंटही चढतो, आणि तीच ट्यूब १२ ला टेकते. दिवा मालवून बघा. प्लेटवर लाल डाग दिसला तर लगेच बंद, तो डाग म्हणजे ट्यूब जळतेय.
उपाय: मागे ट्रान्सफॉर्मरचा २४० चा टॅप (व्होल्टेज निवडायची जागा) असेल तर तो निवडा, एवढ्याने अर्धं काम होतं. नसेल तर ५०० व्हीएचा सर्व्हो स्टॅबिलायझर. १५ वॉटचा अँप भिंतीतून शंभर वॉटच्या आसपासच ओढतो.
ट्यूबचं सांगायचं तर आज त्या बनवणारे मोठे कारखाने मोजकेच, स्लोव्हाकिया, रशियातलं सारातोव्ह आणि चीन. २०२२ मध्ये रशियाची निर्यात अडली तेव्हा जगभर भाव चढले होते. बंगळूरच्या बीईएलच्या (भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या) जुन्या ट्यूबही कधी रेडिओवाल्याकडे निघतात. मोजून मिळाली तर घ्या, नुसत्या डब्यावर जाऊ नका.

चार_केबल:
अँप विकू नका, फक्त त्याचं काम बदला. प्रोसेसरमध्ये जे ‘कमी’ वाटतं ती उणीव बहुतेक वेळा ट्यूबची नसते, खोलीतल्या १२ इंची स्पीकरची असते. नोट धरून ठेवली की स्पीकरची हवा तारेला पुन्हा हलवते, ते हेडफोनवर कसं होणार? तुमच्याकडे स्पीकर आणि त्याला ढकलणारा पॉवर अँप दोन्ही आहेत की.
सोपी जोडणी: प्रोसेसरचं आउटपुट अँपच्या रिटर्नला. अँपचा प्रीअँप यात वगळला जातो, आवाज प्रोसेसरवरूनच चालतो. पॅचमधला कॅबिनेट किंवा आयआर (स्पीकरची डिजिटल नक्कल) ब्लॉक बंद करायला विसरू नका. नाहीतर स्पीकरवर पुन्हा स्पीकर बसतो आणि गोधडीत गुंडाळल्यासारखा आवाज येतो. शक्य असेल तर एक्सएलआरच्या फाट्यावर आयआर ठेवा आणि अँपकडे जाणाऱ्या फाट्यावर नको. म्हणजे मिक्सरला पूर्ण आवाज आणि पाठीमागे स्वतःचा अँप.
अँपचाच डिस्टॉर्शन हवा असेल तर चार केबल. गिटार प्रोसेसरच्या इनपुटला; प्रोसेसरचं सेंड अँपच्या इनपुटला; अँपचं सेंड प्रोसेसरच्या रिटर्नला; प्रोसेसरचं आउटपुट अँपच्या रिटर्नला. वाह-ड्राइव्ह लूपच्या आधी, डिले-रिव्हर्ब नंतर. अँपच्या लूपची लेव्हल लाइन आहे की इन्स्ट्रुमेंट हे बघून प्रोसेसर तसाच लावा. घूं वाढली तर ती ग्राउंड लूपची. अँपच्या इनपुटकडे जाणाऱ्या केबलवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. भिंतीच्या प्लगची अर्थ पिन कधीही काढू नका. ओठ माइकला आणि हात तारांना असतो.
आणि विकायचाच असेल तर आधी त्याची कॅप्चर (आवाजाची डिजिटल नक्कल) करून ठेवा. त्यासाठीचं न्यूरल अँप मॉडेलर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. साधारण तीन मिनिटांची टेस्ट फाइल संगणकाच्या ऑडिओ इंटरफेसमधून रीअँप बॉक्सला (लाइन सिग्नल गिटारसारखा करणारा), तिथून अँपच्या इनपुटला. स्पीकर आउटला लोड बॉक्स (स्पीकरच्या जागी भार घेणारा), त्याचं लाइन आउट परत इंटरफेसला. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, कुठेही क्लिप नको. रिव्हर्ब-ट्रेमोलो बंद, कारण ते पकडलं जात नाही. नॉबच्या एका जागेची एक फाइल, म्हणून स्वच्छ, कडेवरचा आणि पूर्ण उघडा अशा तीन तरी घ्या. स्पीकर किंवा लोड न लावता ट्यूब अँप वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो, कॅप्चरच्या गडबडीत हे हमखास विसरतं.

सहातारी_जुळे:
तिसऱ्या फ्रेटशी घूं तंतोतंत जुळली. रात्री साडेअकराला सॉकेटवर २४७. मागे टॅप फक्त २३० चा. रिटर्नमधून वाजवून पाहिलं, आयआर बंद केल्यावर फरक खरंच मोठा आहे. म्हणजे घरी अँप, ऑर्केस्ट्राला नुसता प्रोसेसर. आता एवढंच सांगा: मांडवात जनरेटर असतो, तिथे प्रोसेसरला धोका नाही ना?

सोल्डर_मास्तर:
आहे की. तिथे कमी-जास्त व्होल्टेजपेक्षा सैल न्यूट्रल वाईट. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल निसटला की एका बाजूच्या सॉकेटवर व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढतं आणि तिथे १०० ते २४० चा अडॅप्टरही टिकत नाही. प्लग लावण्याआधी मीटरने तीन मापं घ्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. शेवटचं दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर मांडवाच्या इलेक्ट्रिशियनला हाक मारा, लाइट पूर्ण लावायला सांगा आणि पुन्हा मोजा. २७० च्या आसपास तोडणारा ओव्हर-व्होल्टेज प्रोटेक्टर स्वतःच्या बोर्डातच बसवून न्या. अडॅप्टरही मूळचाच न्या, उदाहरणार्थ एचएक्स स्टॉम्प या प्रोसेसरला ९ व्होल्ट ३ अँपिअर लागतात; पेडलचा ५०० मिलिअँपवाला लावला तर तो धड चालूच होत नाही.
कपॅसिटर बदलताना फ्यूजही बघून घ्या. टी लिहिलेला स्लो-ब्लो, अँपच्या मागे छापलाय तेवढ्याच अँपिअरचा. साधा, पटकन उडणारा लावला तर चालू करतानाच्या झटक्याने उडत राहतो, आणि मग वैतागून कुणीतरी त्यावर सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतं.