चेनसॉचं केसिंग स्टडपाशी फुटलंय, वेल्डिंग करावं की प्लेट मारावी?

मंडळी, अडलोय. माझ्या चेनसॉचं (५० सीसी, १६ इंची बार, म्हणजे चेन ज्यावर फिरते ती लांब पट्टी) केसिंग, म्हणजे मशीनचं धातूचं कवच, बारच्या पुढच्या स्टडपाशी (बार आवळून धरणारा आट्यांचा खिळा) फुटलंय. चूक माझीच. आडव्या पडलेल्या खोडात बार चिमटला. पाचर ठोकायची सोडून मी हँडल धरून मशीन हलवत बसलो. एवढा लांब बार म्हणजे पहारच की! कट्कन आवाज झाला आणि स्टड भोवतीच्या नखाएवढ्या तुकड्यासकट बाहेर आला. तुकडा जपून ठेवलाय.

त्यानंतरचे उद्योग: लोखंडी भुकटीवाला दोन ट्यूबचा एपॉक्सी लावून तुकडा बसवला आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी नट आवळायला घेतला तर अर्ध्या फेऱ्यातच सगळं पुन्हा हातात. चिकटवलेल्या जागेवर तेलाचा ओशटपणा दिसत होता. मी फक्त पेट्रोलने पुसलं होतं. शिवाय तिथून एक बारीक तडा तेलाच्या टाकीकडे गेलाय, साधारण २ सेंमी. टाकी भरून ठेवली तरी गळत नाही, म्हणजे अजून आरपार नसावा.

वेल्डिंगवाला म्हणतो, "अॅल्युमिनियम आहे, आणा, भरून देतो." मला मात्र हातात घेतल्यावर ते अॅल्युमिनियमपेक्षा हलकं वाटतं. मी विचार करतोय की बाहेरून ३ मिमीची लोखंडी पट्टी बसवून त्यातूनच स्टड काढावा. कुणी केलंय का असं?

प्रतिसाद:
पट्टी बाहेरून लावूच नका. बार त्या सपाट जागेवर टेकतो. मध्ये ३ मिमी आले की बार तेवढाच बाहेर सरकणार आणि चेन स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणारं दातेरी चाक) रेषेत राहणार नाही. चेन उतरेल, नाहीतर बारची खाच एका बाजूने खाल्ली जाईल. आतून प्लेट चालली असती, पण बऱ्याच मशिनींत त्या भिंतीमागे टाकीच असते.

आधी धातू ओळखा. कोपऱ्यात थोडा रंग खरवडून व्हिनेगरचा थेंब टाका. लगेच बुडबुडे फसफसले तर मॅग्नेशियम. अॅल्युमिनियम ढिम्म राहतं. मॅग्नेशियम असेल तर अॅल्युमिनियमची सळई वापरायची नाही, जोड ठिसूळ होतो आणि पहिल्याच झटक्याला सुटतो. मॅग्नेशियमची सळई, एसी टिग (टंगस्टनच्या टोकाने करायचं विजेचं वेल्डिंग) आणि आर्गॉन वायू, असं काम करणाराच माणूस लागेल. आणि मशीन पूर्ण उघडून नुसतं केसिंग द्यायचं. पेट्रोलची टाकी, सील, बेअरिंग सगळं बाहेर. बेअरिंगची जागा उष्णतेने वाकली किंवा सील हवा ओढायला लागलं, तर पेट्रोलचं प्रमाण कमी पडून पिस्टन जाम होतो. मग स्टड राहतो बाजूलाच.

तड्याच्या टोकाला २ मिमीचं भोक मारलं की तो पुढे धावत नाही. टाकीत भोक पडलंच तर वेल्डिंगमध्ये भरून घ्या.

दुसरा प्रतिसाद:
एक राहिलं. मॅग्नेशियमचा कीस पेट घेतो आणि त्यावर पाणी ओतलं तर आग आणखी भडकते. ग्राइंडर नको, कानस वापरा, कीस गोळा करून लांब ठेवा, कोरडी वाळू जवळ असू द्या. आणि चेन ब्रेकचा पट्टा, क्लचचा ड्रम, चेन यांना कुणी वेल्डिंग सुचवलं तर हात जोडा. ते बदलायचेच असतात.

मूळ प्रश्नकर्ता:
थेंब टाकताच फसफसलं! वेल्डिंगवाल्याला सांगितलं तर म्हणाला, ती सळई त्याच्याकडे नाही. प्रामाणिक निघाला. ती असलेला दुसरा माणूस मिळालाय, पण तो विचारतो की भरलेल्या जागेत नव्या स्टडचं भोक नेमकं कुठे मारायचं? अर्धा मिलीमीटर इकडेतिकडे झालं तर?

पहिला प्रतिसादकर्ता:
तुमचं क्लच कव्हरच (बारवर नटांनी बसतं ते बाजूचं झाकण) साचा आहे. त्यात दोन्ही स्टडची भोकं आहेत. मागचा स्टड शाबूत आहे ना? कव्हर त्यावर बसवा, केसिंगच्या कडेशी जुळवा आणि दुसऱ्या भोकातून खूण करा. त्या भोकात नेमकी बसेल अशी नळी घालून त्यातूनच ड्रिल चालवलं तर भोक तिरकंही जाणार नाही. आटे पाडल्यावर आत स्टीलचं स्प्रिंगसारखं इन्सर्ट बसवा, मऊ धातूतले नुसते आटे परत निघतील. बसवताना सीलंट लावा, दोन धातू ओलाव्यात एकमेकांना लागले की मॅग्नेशियम कुरतडलं जातं. आणि पाचर घ्या हो, प्लास्टिकची.