उत्तर: आयबुप्रोफेन (दुखणं-ताप कमी करणारं औषध) गरोदरपणात नाही, बाळंतपणानंतर चालतं, ते का?

‘स्तनपानात आयबुप्रोफेन चालतं, मग गरोदरपणात का नाही?’ हा प्रश्न रास्त आहे. दुधात ते नगण्य उतरतं. पोटातल्या बाळाला मात्र वारेतून थेट पोचतं. 20 आठवड्यांनंतर बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल घटू शकतं. 30 नंतर, जन्मानंतर मिटायची ती हृदयाजवळची रक्तवाहिनी आधीच आकसू शकते. (डॉक्टरांनी दिलेली कमी मात्रेची ॲस्पिरिन यात मोडत नाही, ती मनानं बंद करू नका.) तापाला पॅरासिटामॉल बरं: 500 मिलिग्रॅमची गोळी, दोन मात्रांमध्ये 4 ते 6 तासांचं अंतर. खरी फसगत सर्दीच्या मिश्र गोळीत. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा: तिच्यातही बहुधा पॅरासिटामॉल असतं, म्हणजे नकळत दुप्पट मात्रा. त्यात स्यूडोएफेड्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध) असेल तर दूधही कमी होतं.